कोंबड्यांची साथ : आजार किती, अफवा किती?

रविवारची वंदना आटोपून माणसे विहाराच्या पायऱ्यांवर बोलत उभी होती. मी आरोग्याचे पान लिहितो हे ठाऊक असल्यामुळे एका आजींनी मला हटकले, "बाळा, कोंबड्यांवर रोग आलाय म्हणतात. मोबाईलवर व्हिडिओ फिरतोय. मग आज चिकन आणायचं की नाही?" शेजारच्या ताई म्हणाल्या, "आम्ही तर अंडीसुद्धा बंद केलीत. मुलीच्या डब्यातही देत नाही." मागे उभा असलेला एक भाऊ ठेकेदाराकडे सफाईच्या कामाला आहे. तो हळूच म्हणाला, "दादा, परवा नाक्यावर दोन कावळे मरून पडले होते. मी हातानेच उचलून गाडीत टाकले. त्याने काय होतं का?"

तिन्ही प्रश्न एकाच आजाराबद्दलचे आहेत. आजी आणि ताई घाबरल्या होत्या. शिजवलेल्या चिकनपासून आणि उकडलेल्या अंड्यापासून त्यांना भीती नाही. त्या भावाला फारशी काळजी वाटत नव्हती. खरी जोखीम त्यानेच घेतली होती. आपल्या वस्त्यांत दरवेळी असेच होते. भीती ताटाची वाटते आणि धोका हातांना असतो. म्हणून या वेळच्या पानावर कोंबड्यांच्या साथीची नीट माहिती घेऊ : ती कोंबड्यांत किती आढळते, माणसाला किती लागते, आणि आपण काय करायचे.

रोग एक नाही

"कोंबड्यांवर रोग आला" असे आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात कोंबड्यांमध्ये विषाणूंच्या अनेक साथी येतात. त्यातल्या दोन ओळखून ठेवायला हव्यात.

पहिली राणीखेत. गावाकडे तिला मानमोडी म्हणतात. कोंबडीची मान वाकडी होते, पाय-पंख लुळे पडतात, हिरवट पातळ विष्ठा होते, ती तोंड उघडून श्वास घेते आणि काही दिवसांत मरते. हिमालयातल्या राणीखेत या गावी १९२० च्या दशकाच्या अखेरीस हा रोग भारतात पहिल्यांदा नोंदला गेला, म्हणून हे नाव. ज्यांनी गावाकडे परसात कोंबड्या पाळल्या आहेत, त्यांनी एका आठवड्यात अख्खे खुराडे रिकामे झालेले पाहिले असेल. तो बहुतेक वेळा हाच रोग असतो. आपल्या देशात तो कायम मुक्कामाला आहे. वर्षाच्या कोणत्याही महिन्यात, कोणत्याही जिल्ह्यात दिसू शकतो. त्यावर लस आहे. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांची पिल्ले आठवड्याची होईपर्यंत तिचा पहिला डोस झालेला असतो. परसातल्या चार-सहा कोंबड्यांना मात्र ती क्वचितच मिळते, म्हणून गरिबाचे खुराडे आधी बसते. माणसाला या रोगाने फार तर डोळे येतात, तेही रोगी कोंबड्या सतत हाताळणाऱ्याला.

दुसरा बर्ड फ्लू. माणसाला फ्लू होतो तसा हा पक्ष्यांचा फ्लू. याच्या अनेक जाती आहेत. एच९एन२ नावाची सौम्य जात देशातल्या कोंबड्यांमध्ये गेली वीसेक वर्षे वारंवार सापडते. तिने कोंबड्या सहसा पटापट मरत नाहीत, अंडी कमी होतात, सर्दी-खोकल्यासारखी लक्षणे दिसतात, म्हणून तिची बातमी होत नाही. एच५एन१ ही जोरदार जात. ती खुराड्यात शिरली की एक-दोन दिवसांत कोंबड्या धडाधड मरतात. तुरा निळा पडतो, डोके सुजते, अंडी एकाएकी थांबतात. काही वेळा कोणतेही लक्षण न दिसता सकाळी कोंबड्या मरून पडलेल्या सापडतात. टीव्हीवर जो गलका होतो तो या जातीचा.

म्हणजे कोंबडी मेली की ती बर्ड फ्लूनेच मेली असे नसते. मानमोडी कितीतरी जास्त वेळा येते. नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक सांगता येत नाही, प्रयोगशाळेत नमुना तपासावा लागतो. बर्ड फ्लूची खात्री भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. तिथला अहवाल येण्याआधी जो छातीठोक सांगतो, तो अंदाजच सांगत असतो.

महाराष्ट्रात किती वेळा आला?

भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद झाली ती आपल्याच राज्यात. नंदुरबार जिल्ह्यातले नवापूर हे आदिवासी भागातले, पोल्ट्रीच्या धंद्यावर उभे असलेले गाव. १८ फेब्रुवारी २००६ रोजी तिथल्या कोंबड्यांत एच५एन१ असल्याचे जाहीर झाले. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत परसातल्या कोंबड्यांत तोच रोग सापडला. मुंबईत तेव्हा चिकनचे भाव कोसळले होते, हे अनेकांना आठवत असेल.

त्यानंतर देशाच्या इतर भागांत साथी येत राहिल्या. २००८ साली पश्चिम बंगालमध्ये फार मोठी साथ आली. आपल्याकडे पुन्हा मोठा गाजावाजा झाला तो २०२१ च्या जानेवारीत. परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात काही दिवसांत शेकडो कोंबड्या मेल्या आणि अहवाल बर्ड फ्लूचा आला. त्याच सुमारास मुंबई, ठाणे, दापोली आणि बीड इथल्या मेलेल्या पक्ष्यांचे नमुनेही बाधित निघाले. मुंबईत मेले होते ते कावळे. फेब्रुवारीत नवापूरवर पुन्हा तीच पाळी आली. पंधरा वर्षांत ज्यांनी शेड पुन्हा उभे केले होते, त्यांना पुन्हा खड्डे खणावे लागले.

२०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत, म्हणजे मुंबईपासून लोकलच्या अंतरावर, कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडला. २०२५ च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यातल्या उदगीर शहरात कावळे मरून पडले, तेही याच रोगाने. त्याच महिन्यात उरणजवळच्या चिरनेर गावातल्या कोंबड्यांत तो आढळला. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत एच५एन१ निघाला. बाधित मांस खाल्ल्याने त्यांना तो झाला असावा, असा संशय होता.

आता हिशेब मांडू. २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी ४३ लाख कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी आहेत. त्यात २००६ पासून बर्ड फ्लूचे मोठे फटके बसले ते मोजक्या वर्षांत, मोजक्या गावांत. म्हणजे राज्याच्या एकूण कोंबड्यांचा विचार केला तर हा रोग सर्रास नाही. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, तो पूर्वी दहा-पंधरा वर्षांनी येत असे, आता दर एक-दोन हिवाळ्यांनी कुठे ना कुठे डोके वर काढतो. दुसरी, नवापूर आणि परभणी दूर वाटतात. शहापूर आणि उरण दूर नाहीत. मुंबईच्या ताटातली कोंबडी याच पट्ट्यातून येते.

हिवाळ्यातच का? थंड देशांतून स्थलांतर करणारे पक्षी नोव्हेंबरपासून आपल्याकडे येतात. त्यांच्यात, विशेषतः पाणपक्ष्यांत, हा विषाणू ते आजारी न दिसताही वास करू शकतो. विष्ठेतून तो पाण्यात आणि जमिनीवर उतरतो. थंडीत तो बाहेर जास्त दिवस टिकतो. शिवाय एका शेडवरून दुसऱ्या शेडवर तो जातो तो बहुधा माणसामार्फत : टेम्पोच्या चाकांना, पिंजऱ्यांना, अंड्यांच्या ट्रेला, चपलांना लागून.

सापडला की काय करतात?

अहवाल बाधित आला की साधारण एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरतात. अंडी आणि खाद्यही नष्ट करतात. दहा किलोमीटरपर्यंत पाहणी चालू राहते. या जोरदार जातीविरुद्ध लस टोचण्याचे धोरण आपल्या देशात नाही. रोग शोधायचा आणि जागेवर संपवायचा, हीच रीत आहे.

मारलेल्या कोंबड्यांची नुकसानभरपाई सरकार देते, केंद्र आणि राज्य मिळून. आधीच मेलेल्या कोंबडीचे पैसे मात्र मिळत नाहीत. म्हणून लवकर कळवणाऱ्याचा फायदा असतो. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याने कळवणे हे मालकाचे कर्तव्यही आहे. गावाकडे आपल्या नात्यातल्या कुणाच्या कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, तर लपवू नका, उरलेल्या घाईघाईने बाजारात विकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. लपवलेली एक कोंबडी शेजारच्या दहा घरांची खुराडी रिकामी करते.

आणखी एक सवय. गावाहून परतताना पिशवीतून जिवंत गावठी कोंबडी आणायची आपल्याकडे पद्धत आहे. एरवी त्यात वावगे नाही. पण गावात कोंबड्या मरत असल्याचे कानावर असेल, तर ती एसटीत बसवून मुंबईला आणू नका.

माणसाला किती लागतो?

१९९७ साली हाँगकाँगमध्ये एच५एन१ पहिल्यांदा माणसांत सापडला. १८ जणांना झाला, ६ दगावले. २००३ पासून आजवर साऱ्या जगात नोंद झालेले रुग्ण सुमारे हजारभर आहेत. रोज कोट्यवधी लोक चिकन-अंडी खातात, त्या मानाने हा आकडा फार लहान आहे. पण झालेल्यांपैकी जवळपास निम्मे दगावले, ही गोष्टही तितकीच खरी. म्हणजे लागण दुर्मीळ आणि झाली तर गंभीर. दोन्ही वाक्ये एकत्र लक्षात ठेवायची. अफवा पसरवणारे फक्त दुसरे सांगतात आणि बेफिकीर माणसे फक्त पहिले.

भारतात एच५एन१ ने माणूस दगावल्याची पहिली नोंद जुलै २०२१ मधली. हरियाणाचा एक लहान मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये वारला. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात दोन वर्षांची मुलगी दगावली. घरात चिकन साफ करताना तिला कच्चा तुकडा खायला दिला होता, असे तिच्या घरच्यांनी सांगितल्याच्या बातम्या आल्या. सौम्य जातीचा, म्हणजे एच९एन२ चा, माणसातला देशातला पहिला रुग्ण तर आपल्याच राज्यातला. मेळघाटातले १७ महिन्यांचे बाळ. २०१९ साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तो विषाणू ओळखला. ते बाळ बरे झाले.

या तिन्ही नोंदी मुलांच्या आहेत. घरात कच्चे मांस कापत असताना रांगते मूल जवळ येऊ देऊ नका, त्याच्या हातात पंजा किंवा पीस खेळायला देऊ नका.

शास्त्रज्ञ या रोगावर इतकी नजर ठेवतात त्याचे कारण पुढचे आहे. हा विषाणू आज माणसाकडून माणसाला सहजी जात नाही. पण फ्लूचे विषाणू रूप बदलतात. पक्ष्यांचा आणि माणसांचा फ्लू एकाच शरीरात एका वेळी शिरला तर त्यांची सरमिसळ होऊन नवा विषाणू तयार होऊ शकतो. १९५७ आणि १९६८ च्या जगभरच्या फ्लूच्या साथी अशाच सरमिसळीतून आल्या होत्या. म्हणून एका गावातल्या शंभर कोंबड्यांचा अहवाल भोपाळला जातो आणि तिथून जगाला कळवला जातो.

उंदीर पडले होते, ते आठवा

प्राणी मरू लागले की माणसाने कान टवकारायचे असतात, हे मुंबईइतके कुणाला ठाऊक असेल? १८९६ साली प्लेग आला तेव्हा आधी उंदीर पडले, मग माणसे. पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेगनंतर सरकारला शहरातल्या कोंदट वस्त्यांची आठवण झाली, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्या ट्रस्टच्या म्हणजे बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. परळच्या पोयबावडीतल्या बीआयटी चाळीत बाबासाहेब कित्येक वर्षे राहिले. प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळाही १८९९ पासून परळलाच आहे.

आजही परळच्या एका फेरीत हे सगळे दिसते. एका बाजूला केईएम आणि टाटा, म्हणजे माणसांची रुग्णालये. थोड्या अंतरावर आपण ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतो ते जनावरांचे रुग्णालय आणि १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. मध्ये हाफकिन. माणसाचे डॉक्टर आणि जनावरांचे डॉक्टर शेजारी-शेजारी आहेत. रोगही तसेच शेजारी-शेजारी राहतात.

शहरात बर्ड फ्लूची पहिली खबर बहुधा कावळा देतो. तो उकिरड्यावरची आतडी, कातडी खातो, म्हणून त्याला लागण लवकर होते. एखादा कावळा विजेच्या तारेला लागून किंवा पतंगाच्या मांजाने मरतो, त्यात काही विशेष नाही. पण एकाच झाडाखाली, एकाच गच्चीवर दोन-चार कावळे, कबुतरे किंवा बगळे मरून पडले, तर पालिकेच्या १९१६ क्रमांकावर कळवा. शिवडीच्या खाडीवर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, मुलांना ते दाखवायला जरूर न्या. मेलेला पक्षी मात्र मुलांना उचलू देऊ नका.

जोखीम कुणाच्या हातात?

कोंबडी खुराड्यातून ताटात येईपर्यंत कुणाकुणाच्या हातातून जाते ते पाहा. पोल्ट्रीवर ती पकडून पिंजऱ्यात भरणारा मजूर. रात्री टेम्पो चालवणारा आणि पहाटे दुकानासमोर पिंजरे उतरवणारा पोरगा. महात्मा फुले मंडईपासून लालबाग, दादरच्या गल्लीतल्या चिकन सेंटरपर्यंत, ड्रमपाशी दिवसभर उभा राहून कोंबड्या कापणारा कारागीर. पिसे आणि आतडी गोळा करून नेणारा. आणि शेवटी रस्ता झाडणारा, मेलेले पक्षी उचलणारा सफाई कामगार. घरात शिजलेले खाणाऱ्यापेक्षा या माणसांचा संबंध कितीतरी पट जास्त येतो. विष्ठेची धूळ, उडणारी पिसे, रक्ताचे शिंतोडे नाका-डोळ्यांत जातात, लागण होते ती बहुधा अशीच.

ही कामे करणाऱ्यांत आपले लोक किती आहेत, हे वाचकांना सांगायला नको.

त्या सफाईवाल्या भावाला मी सांगितले ते सगळ्यांसाठी लिहितो. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे, मास्क आणि गमबूट ही कामाची साधने आहेत, ती देणे काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. ती मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. ठेकेदार देत नसेल तर एकट्याने भांडू नका. मुकादमाकडे लेखी मागणी करा, युनियनला सांगा, वस्तीतल्या मंडळाने सोबत जावे. तोवर हाताशी काहीच नसेल तर हातावर प्लास्टिकची जाड पिशवी चढवा, पक्षी धरा आणि पिशवी उलटी करून गाठ मारा. तिच्यावर दुसरी पिशवी घाला. नंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुवा. या विषाणूवर चरबीचे पातळ वेष्टन असते, साबणाने ते फुटते आणि विषाणू निकामी होतो. साधी कपडे धुण्याची वडीही चालते. कामाचे कपडे घरी आल्यावर वेगळे भिजवा.

चिकन सेंटरवर काम करणाऱ्या तरुणांनी नाका-तोंडावर मास्क किंवा दुहेरी रुमाल बांधावा. पिंजरे रोज धुवावेत, आधी पाण्याने ओले करून मग, म्हणजे धूळ उडत नाही. मलूल कोंबडी कापू नये, वेगळी ठेवावी. आतडी उघड्यावर टाकू नयेत. कावळे, कुत्री, मांजरे ती ओढतात आणि रोग गल्लीभर फिरतो. चाळीतल्या मांजरांना कच्ची आतडी घालणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. २०२५ च्या सुरुवातीला नागपूरशेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांनाही बर्ड फ्लू झाल्याचे निघाले होते.

अंडे बंद करू नका

आता ताईंच्या डब्याकडे. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. वाढत्या मुलांना, गरोदर बाईला, बाळंतिणीला, म्हाताऱ्या माणसाला इतक्या कमी पैशांत इतके चांगले अन्न दुसरे मिळणे कठीण. आपल्या वस्त्यांत टीबीचे रुग्ण आहेत. औषधांइतकाच त्यांना आहार लागतो. सरकारकडून उपचाराच्या काळात मिळणारे निक्षय पोषणचे महिना १,००० रुपये याचसाठी असतात. एका व्हिडिओमुळे त्या रुग्णाचे अंडे बंद झाले, तर बर्ड फ्लू त्याला शिवणारही नाही, पण टीबी हटणार नाही.

अफवेने काय होते ते २०२० च्या सुरुवातीला आपण पाहिले आहे. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी खोटी बातमी पसरली. चिकन कुणी घेईना, राज्यातल्या पोल्ट्रीवाल्यांवर कोंबड्या फुकट वाटण्याची, पुरण्याची वेळ आली. छोटे धंदेवाले कर्जात बुडाले. कोरोना काही त्याने थांबला नाही.

बर्ड फ्लूचा विषाणू ७० अंश सेल्सिअसला मरतो. आपला रस्सा १०० अंशांना रटरटतो. कोंबडीचा तुकडा हाडापर्यंत शिजला, आत गुलाबीपणा राहिला नाही, की त्यात हा विषाणू जिवंत राहत नाही. अंडे पिवळा बलक घट्ट होईपर्यंत उकडा. हाफ फ्राय आणि कच्चे अंडे दुधात फेटून पिणे साथीच्या दिवसांत टाळा. व्यायामशाळेतल्या पोरांना हे मुद्दाम सांगा. फ्रीजमध्ये ठेवल्याने विषाणू मरत नाही, उलट टिकतो. तो मारायचे काम आच करते.

मांस खावे की न खावे हा ज्याचा-त्याचा विचार. जो खातो त्याने भीतीपोटी सोडू नये आणि निष्काळजीपणे खाऊ नये, एवढेच या पानाचे सांगणे.

स्वयंपाकघरात एवढे पाळा

कोंबडी डोळ्यांसमोर कापून घ्या. कापण्याआधी ती चालती-फिरती, टवटवीत आहे का पाहा.

पडेल भावात मिळणारे, आधीच कापून ठेवलेले, काळपट मांस घेऊ नका.

घरी आणल्यावर चिकन मोरीत जोराच्या धारेखाली धुऊ नका, शिंतोडे आजूबाजूच्या भांड्यांवर उडतात. पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा.

विळी, सुरी, पाट साबणाने धुतल्याशिवाय त्यावर कांदा-कोथिंबीर चिरू नका. एका खोलीच्या घरात ही चूक सहज होते. कोशिंबीर आधी चिरून झाकून ठेवा, चिकन शेवटी घ्या.

कच्च्या मांसाचा हात डोळ्याला, नाकाला लावू नका. काम झाल्यावर वीस सेकंद साबणाने हात धुवा.

अंड्याला विष्ठा लागली असेल तर ते धुऊन लगेच शिजवा.

ताप आला तर

बर्ड फ्लूची लक्षणे साध्या फ्लूसारखीच असतात : जोराचा ताप, खोकला, घसा दुखणे, अंगदुखी, कधी डोळे लाल होणे, जुलाब. मग एकाएकी दम लागतो. प्रत्येक तापाला बर्ड फ्लू समजू नका. मात्र मागच्या दहा दिवसांत मेलेले किंवा आजारी पक्षी हाताळले असतील, कोंबड्या मरत असलेल्या गावाहून आला असाल किंवा चिकन सेंटरवर कामाला असाल, तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असे नाही. जवळचा पालिकेचा दवाखाना किंवा आपला दवाखाना गाठा. दम लागत असेल तर केईएम किंवा साथीच्या रोगांसाठीचे सात रस्त्याजवळचे कस्तुरबा रुग्णालय. फ्लूवरचे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर जास्त उपयोगी पडते. मेडिकलमधून अँटिबायोटिकची पट्टी आणून दोन दिवस वाट पाहू नका. विषाणूवर ती चालत नाही.

सफाईवाल्या भावाला मी पुढचे दहा दिवस रोज ताप बघायला सांगितले. त्याला काही झाले नाही. पण पुढच्या रविवारी तो आला तेव्हा सोबत त्याच्या टोळीतले चौघे होते आणि हातमोज्यांच्या मागणीचा अर्ज होता. तो आम्ही विहाराच्या पायऱ्यांवरच बसून नीट लिहिला.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडायला सांगितले. तो स्वाभिमानाचा प्रश्न होता आणि आरोग्याचाही. आपल्या आजी-आजोबांनी ते ऐकले आणि पाळले. आज स्वस्तात मिळते म्हणून आपोआप मेलेली कोंबडी कुणी पुढे केली, तर ती घरात येऊ देऊ नका. आणि मेलेला पक्षी उघड्या हातांनी उचलायला कुणी सांगितले, तर आधी हातमोजे मागा.

जय भीम.